डाव्या बाजूचं पाणी

अप्पा,

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारे लोक जिना चढण्याआधी खाली तुमच्या गाडीपाशी थांबतात. कुणी बॉनेटवर हात ठेवतं, कुणी वाकून चाकांकडे बघतं. मग वर येऊन माईंच्या शेजारी बसतात आणि हळूच विचारतात, "आता गाडीचं काय?" माई माझ्याकडे बोट दाखवतात. गाडी सासऱ्यांची, पण तिच्याबद्दल विचारायचं ते सुनेला, याचं आपल्या सोसायटीत आता कुणाला नवल वाटत नाही. ती सवय तुम्हीच लावलीत.

तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती हे सगळं श्रीकांतने पेपरात दिलं आहे. (तुमच्यासमोर मी कधी असं नाव घेतलं नाही. लिहिताना घेते, चालवून घ्या.) मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, त्याचा निकाल लागलाय. तो ऐकायला तुम्ही हवे होतात, एवढंच सारखं वाटतंय.

लोक घरासाठी गाव बदलतात, तुम्ही गाडीसाठी बदललंत. कंपनीचा साहेब विलायतेला परत गेला आणि त्याची ती ठेंगणी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी तुम्ही घेतलीत, तेव्हा तुम्ही गिरगावात चाळीत राहत होता. गाडी गल्लीत उभी राहायची, तिच्या टपावर शेजारणींचे पापड वाळायचे. मग वाशीत नवीन वसाहत होतेय असं कानावर आलं. सगळे म्हणाले, खाडीपलीकडे कुठे चाललात, तिथे ना माणूस ना काणूस. तुम्ही म्हणालात, "पार्किंग आहे." ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माईंनी मला ऐकवली आणि वर म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते, घरात सवत आहे. खाली शेडमध्ये असते."

मला त्या गाडीचं काहीच कौतुक नव्हतं. मी केमिस्ट्री शिकलेली, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रंगाच्या फॅक्टरीत लॅबमध्ये लागलेली. एका रविवारी मी ओट्याशी होते आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. हाताला काळं लागलेलं, चष्मा कपाळावर. म्हणालात, "सूनबाई, पाणी गंजतं का?"

मी म्हणाले, "पाणी नाही गंजत अप्पा. लोखंड गंजतं."

"मग पाण्यात असं काय घातलं म्हणजे लोखंड गंजणार नाही?"

मी पोळपाट बाजूला ठेवला. सासरी येऊन मला इतक्या लोकांनी इतके प्रश्न विचारले होते, पुरण किती शिजवतेस, गजरा का नाही माळत, पण मला उत्तर द्यावंसं वाटलेला हा पहिलाच. मी तुमच्या मागोमाग खाली आले ती त्या दिवसापासून दर रविवारी येतच राहिले.

तुमच्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. हे मला आधी खरंच वाटेना. प्रत्येक चाकापाशी रबर बसवलेला एक डबा, त्यात पाणी, आणि पुढच्या डब्यातून मागच्या डब्यात जाणारी नळी. डाव्या बाजूची एक, उजव्या बाजूची एक. तुम्ही माईंची शेकायची रबरी पिशवी आणून मला दाखवलीत. एका टोकाला दाबली की दुसरं टोक फुगतं. पुढचं चाक खड्ड्यावर आदळलं की पाणी मागे पळतं आणि मागची बाजू उचलतं, त्यामुळे गाडी मान डोलावत नाही, अख्खी वरखाली होते. "होडीसारखी," तुम्ही म्हणालात. माई वरून ओरडल्या की पिशवी जागेवर ठेवा, माझी कंबर दुखतेय.

नुसतं पाणी नव्हतं म्हणा ते. त्यात स्पिरिट होतं आणि गंज धरू नये म्हणून आणखी काहीतरी. तुम्ही त्यातला थेंब जिभेवर ठेवून बघितला होता, हे ऐकून मी सासरे आहेत हे विसरून तुमच्यावर ओरडले. तुम्ही खजील न होता म्हणालात, "कडू आहे. याचा काही उपयोग होईल का तुला?" विलायतेत बर्फ पडतो, पाणी गोठू नये म्हणून स्पिरिट. वाशीत कशाला, यावर आपण महिनाभर वाद घातला. शेवटी बॅटरीचं पाणी, थोडं स्पिरिट आणि गंजाचं औषध, असं आपलं स्वतःचं मिश्रण मी बसवलं. तुम्ही ग्रीस गनपासून पंप तयार केलात. त्या दिवसापासून तुम्ही मला सूनबाई म्हणणं सोडलंत आणि 'अहो केमिस्ट' म्हणू लागलात. माहेरी हे सांगितलं तर आई म्हणाली, सासरे चेष्टा करतात की काय तुझी. चेष्टा नव्हती. मला इतका मान दुसऱ्या कुणी दिला नाही.

आणि मग ताम्हण.

गाडीची उंची कशी मोजायची हे सांगणारं पुस्तक आपल्याकडे नव्हतं. गाडी सरळ उभी आहे की नाही हे कळणार कसं? तुम्ही देवघरातलं तांब्याचं ताम्हण उचललंत, काठोकाठ पाण्याने भरलंत आणि गाडीच्या टपावर ठेवलंत. पाणी डावीकडे सांडलं. म्हणजे डावी बाजू बसली आहे. पंप मारायचा, पुन्हा ताम्हण भरायचं, पाणी चारी बाजूंनी सारखं टेकेपर्यंत. इतकी सोपी युक्ती बघून मी खूश झाले. माई मात्र दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. "देवाचं भांडं मोटारीवर ठेवलं. आता ते तिलाच राहू दे." त्यांनी देवासाठी नवीन ताम्हण आणलं आणि जुनं गाडीच्या हत्यारांत गेलं.

गाडी सरळ झाली. पण काही आठवडे गेले आणि ताम्हणातलं पाणी पुन्हा डावीकडे. पुन्हा पंप. पुन्हा डावीकडे. उजवी बाजू कधी हलली नाही, फक्त डावीच बसायची. तिथून आपल्या भांडणाला सुरुवात झाली. तुमचं म्हणणं, नळीला कुठेतरी केसाएवढी चीर आहे. माझं म्हणणं, पंप लावायच्या व्हॉल्व्हमधून गळतंय. तुम्ही गाडीखाली वर्तमानपत्रं पसरलीत. सकाळी उठून आपण दोघं खाली धावायचो आणि कागद उचलून बघायचो. कोरडे ठाक. श्रीकांत बाल्कनीतून विचारायचा, "काय छापून आलंय आज?" मी फॅक्टरीतून हिरवा रंग आणून पाण्यात मिसळला, म्हणजे एक थेंब जरी पडला तरी दिसेल. हिरवा ठिपका कधी दिसला नाही. शेडची जमीन, नळीचे सांधे, चाकाच्या आतली बाजू, कुठेच नाही.

"पाणी जातं कुठे मग?" हा तुमचा प्रश्न. तुम्ही तो इतक्या वेळा विचारलात की आपल्या घरात त्याची म्हणच झाली. चहा लवकर संपला, माईंचा चष्मा सापडेना, श्रीकांत घरी उशिरा आला, की कुणीतरी म्हणायचं, पाणी जातं कुठे.

एवढं लक्षात आलं होतं की पावसाळ्यात गाडी भराभर बसते आणि उन्हाळ्यात जवळजवळ बसतच नाही. मी म्हटलं, गारव्याने पाणी आकसतं. तुम्ही म्हणालात, "मग उजव्या बाजूला काय थंडी वाजत नाही?" तुम्ही म्हणालात, ओलीने नळी गंजतेय. मी म्हटलं, मग कागदावर थेंब का नाही? मग आपण चहा प्यायलो. तुमच्याशी हरताना मला कधी वाईट वाटलं नाही, कारण तुम्हीही त्याच वेळी हरत असायचात.

रविवारी पंप मारून झाला की फेरी. खाडीपुलावरून मानखुर्दपर्यंत आणि परत. माई म्हणायच्या, "त्या गाडीत बसायचं म्हणजे जमिनीवर पाट मांडून बसायचं," म्हणून त्या येत नसत. तुम्ही उजवीकडे स्टिअरिंगवर, मी डावीकडे. एकदा फाटकाबाहेर तुमचे मित्र किसन पाटील उभे होते, ज्यांच्या वडिलांच्या शेतावर आपला सेक्टर उभा आहे आणि जे आता विटा-रेती पुरवतात. त्यांनी हाक मारली, "अप्पा, गाडी तुमच्या अंगाला कलतीय. पोट आवरा जरा."

आपण दोघंही हसलो. नंतर पाहिलं तर खरंच रस्त्यावर गाडी उजवीकडे झुकायची. बोटभर तरी. शेडमध्ये ताम्हण सरळ, रस्त्यावर गाडी उजवीकडे कललेली. कारण उघड होतं. तुम्ही आत बसलात की ती झुकणार. मी तुम्हाला फार चिडवलं त्यावरून. त्या आठवड्यात तुम्ही पानावरचा मागचा भात बंद केलात. आधीचा वरणभात घ्यायचात, पण पोळीनंतर ताकाबरोबरचा भात, जो तुमचा जीव की प्राण, तो नाही. माईंनी वाढायला चमचा पुढे केला की हात आडवा. "गाडीला भार होतो." माई कपाळावर हात मारून घ्यायच्या. कित्येक वर्षं तुम्ही तो भात खाल्ला नाहीत.

मग तुमचं दुखणं आलं. आपण त्याचं नाव घरात घेतलं नाही, इथेही घेत नाही. तुमचा शर्ट अंगावर लोंबायला लागला. तरीही गेल्या हिवाळ्यात हट्ट करून तुम्ही एकदा फेरी मारलीत. मी नेहमीसारखी डावीकडे बसले. पूल ओलांडून आपण थांबलो, मी उतरून मागे गेले आणि बघितलं. गाडी उजवीकडे कललेली होतीच, पूर्वीपेक्षा जास्त. दोन बोटं.

तुम्ही आरशातून मला बघत होतात. म्हणालात, "काय केमिस्ट? अजून वजनदार आहे ना मी?"

मी म्हटलं, "आहात तर."

मला तेव्हा विचारायचं होतं. तुमचं वजन निम्मं झालंय, तर गाडी उलट जास्त कशी झुकते? हा सरळ प्रश्न होता, आणि आपण दोघं असल्या प्रश्नांवरच तर जगत होतो. पण तो विचारायचा म्हणजे तुम्ही किती बारीक झालात हे तोंडाने म्हणावं लागलं असतं. तुम्हालाही तो पडला असणार, तुमच्या डोळ्यांत मला दिसला. मी परत आत येऊन बसले आणि तुम्ही गाडी वळवलीत. अप्पा, तो एक प्रश्न विचारला असता तर तिथेच सगळं उलगडलं असतं. तरी तो विचारला नाही याचं मला आज वाईट वाटत नाही. काही वेळा माणूस कुतूहलापेक्षा मोठा असतो.

त्याच सुमाराला पुण्याचे ते गृहस्थ गाडी बघून गेले. जुन्या गाड्या जमवणारे, बोलायला सभ्य. श्रीकांतचं म्हणणं होतं की देऊन टाकू, आता कोण करणार तिचं. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "गळती सापडू दे. दोष सापडला की त्याला सांगायचा आणि मग विकायची. न सांगता विकणार नाही आणि न सापडलेला सांगणार कसा?" श्रीकांतने मला बाहेर बोलावून सांगितलं, "काहीतरी सापडलं म्हणून सांग ना त्यांना. तेवढंच एक टेन्शन कमी." मी नाही म्हटलं. तुमच्याशी खोटं बोलले असते तर तुम्ही लगेच पुढचा प्रश्न विचारला असतात, कुठे सापडलं, नळीत की व्हॉल्व्हमध्ये? आणि मला त्या भांडणात असं फुकट जिंकायचं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी तुम्ही फारसं बोलत नव्हता. एका दुपारी मी उशाशी होते. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "सापडलं?"

मी म्हटलं, "नाही अजून."

"बघत राहा," तुम्ही म्हणालात. नंतर माईंशी, श्रीकांतशी काय बोललात ते त्यांचं त्यांना माहीत. माझ्या वाट्याला आलेले तुमचे शेवटचे शब्द हे.

आता निकाल सांगते.

तेराव्याच्या दिवशी सकाळी आचाऱ्याला शेगड्या मांडायला वर पत्रा असलेली जागा हवी होती. ती म्हणजे तुमची शेड. श्रीकांत आणि शेजारच्या दोघातिघांनी गाडी ढकलत पुढे आणली आणि फाटकाजवळच्या सिमेंटच्या कोब्यावर उभी केली. मी वरून नारळ घेऊन उतरत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय थबकला. गाडी उजवीकडे कललेली होती. दोन बोटं. आणि आत कुणीच नव्हतं.

मी तशीच बघत राहिले. उजवीकडची खिडकी, रिकामी सीट, तुमची पाठ घासून गुळगुळीत झालेलं तिचं कव्हर. तुमच्या वजनाने झुकणारी गाडी तुम्ही नसताना कशी झुकेल?

तेवढ्यात मागून आचाऱ्याने हाक मारली. "वैनी, विटेचा तुकडा बघा ना कुठे. हितं टोप एका अंगाला चाललाय, आमटी सांडंल."

मी शेडमध्ये गेले. शेगडीवर मोठा टोप होता आणि त्यातली आमटी भिंतीकडच्या काठाला वर चढलेली, दुसऱ्या काठाला खाली. तुमच्या गाडीची डावी बाजू त्याच भिंतीला असायची. तुम्ही गाडी नेहमी तोंड फाटकाकडे करूनच लावायचात, एकदाही उलटी लावली नाहीत.

मी नारळ ठेवले आणि हत्यारांच्या पेटीतून ताम्हण काढलं. भरून शेडच्या जमिनीवर ठेवलं. पाणी भिंतीकडे सांडलं. तेच ताम्हण कोब्यावर नेऊन ठेवलं, तिथे सरळ. मग गाडीच्या टपावर. पाणी उजवीकडे सांडून माझ्या चांगल्या साडीवर आलं. अप्पा, गाडी कधी बसलीच नव्हती. जमीन बसत होती. भरावाची जमीन, खाली खाडीचा चिखल, दर पावसाळ्यात भिंतीकडे थोडी थोडी खचत होती, आणि आपण दोघं दर वेळी डाव्या बाजूला पाणी भरून गाडीला उचलत होतो. टपावरचं ताम्हण सरळ राहावं म्हणून. जमिनीवर ताम्हण ठेवून बघायचं तुम्हालाही सुचलं नाही, मलाही नाही.

किसन पाटील खुर्च्या उतरवून घेत होते. त्यांना सांगितलं तर ते जराही दचकले नाहीत. "बसनारच नं वैनी. भिंतीखाली आमचा नाला होता पूर्वी. पानी मुरतंच तिथं." मग हातातली खुर्ची खाली ठेवून गाडीकडे वळले. म्हणाले, "आनि मी अप्पांना पोटावरनं बोललो."

दुसऱ्या दिवशी मी डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह दाबून पाणी सोडलं. खाली पातेलं धरलं होतं. हिरवंगार पाणी पिचकारीसारखं आलं, मग धार झाली, आणि गाडी हळूहळू खाली येत ताम्हणाच्या पाण्याशी सरळ झाली. नळीही धड होती आणि व्हॉल्व्हही. आपण दोघंही सपशेल हरलो. इतकी वर्षं भरलेलं सगळं पाणी आतच होतं. ते कुठेच गेलं नव्हतं. पातेल्यात त्या हिरव्या पाण्याकडे बघताना मला पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. हॉस्पिटलमध्ये आलं नव्हतं, त्या दिवसांतही आलं नव्हतं. श्रीकांत धावत खाली आला, त्याला वाटलं हात चिमटला. मी त्याला नुसतं पातेलं दाखवलं. तोही खाली बसला.

संध्याकाळी त्याने माईंना विचारलं, पुण्याला फोन करायचा का. माई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "हे काय म्हणाले होते? दोष सापडला की विका. सापडला का दोष?"

"नाही. दोष नाहीच आहे तिच्यात."

"मग कसली विकता," माई म्हणाल्या आणि वाती मोजायला लागल्या. सवतीला त्यांनी ठेवून घेतलं, अप्पा. गाडी आता कोब्यावरच उभी असते. सोसायटीच्या चेअरमननी कुरकुर केली, माईंनी त्यांना चहाला बोलावून गप्प केलं. मी चालवायला शिकणार आहे.

तेराव्याच्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. पंगत बसायच्या आधी तुमच्या फोटोपुढे पान मांडलं होतं. वरणभात, पोळी, तुमच्या आवडीची अळूची भाजी, सगळं माईंनी वाढलं आणि नमस्कार करून त्या उठल्या. माझी साडी अजून ओलीच होती. मी भाताचं भांडं घेऊन पुढे आले. माई म्हणाल्या, "अगं, झालंय वाढून."

मी म्हटलं, "मागचा भात राहिलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतः आत जाऊन ताक घेऊन आल्या.